साध्या स्वेटरच्याच टाक्यांवर वेण्या घातल्या तर नवऱ्याचा स्वेटर मापात बसेल का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचा साधा स्वेटर छान बसला, आता तेवढ्याच टाक्यांवर वेण्यांचा करायचाय आणि पुढच्या भागाचा काठ विणूनही झालाय. तेवढ्याच टाक्यांवर पुढे जाऊ नका. मी तेच केलं होतं.

आमचे हे बोटीवर असतात. गोव्यात स्वेटर कशाला, असं इथे फोंड्यात शेजारणी विचारतात. पण थंड समुद्रात डेकवर उभं राहणाऱ्याला तो लागतोच. ह्यांची छाती १०० सेंमी. आत शर्ट असतो म्हणून ८ सेंमी सैल धरलं, म्हणजे पुढचा भाग ५४ सेंमी. साध्या विणीत माझे १० सेंमीत २० टाके बसतात, म्हणून १०८ टाके घातले. चार महिने विणत होते. पुढचा भाग भरला ४५ सेंमी, मागचाही तेवढाच. ह्यांनी तो कसाबसा अंगात चढवला, पण हात वर होईना. सुट्टी संपायला आठ दिवस उरले होते. सगळा उसवताना मी रडले.

वेणी घालताना आपण ३ टाके तिसऱ्या सुईवर काढून पुढे धरतो, पुढचे ३ विणून घेतो आणि मग बाजूला काढलेले विणतो. टाके एकमेकांवर चढतात, त्यामुळे ६ टाके जेमतेम चारांची जागा व्यापतात. वेण्यांच्या विणीत माझे १० सेंमीत २४ टाके आले. ५४ ला २.४ ने गुणलं तर १३० होतात. म्हणजे एका भागात २२ टाके कमी पडले होते!

माझे आकडे मात्र घेऊ नका, प्रत्येकीचा हात वेगळा. ज्या वेण्या घालणार आहात त्याच घेऊन वीतभर रुंद नमुना विणा. कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि पंख्याखाली सपाट पसरून वाळवा. आपल्याकडे पावसाळ्यात त्याला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे लागू द्या. दमट नमुन्याचं माप फसवतं. वाळल्यावर मधल्या भागातले टाके मोजा. छातीचं माप अंगावर घ्या, पण बाहीची लांबी आणि खांदा त्यांच्या आवडत्या शर्टावरून घ्या. बाही बोटभर कमीच ठेवा. वेण्यांचा स्वेटर जड असतो, वापरून लांबीला उतरतो.

लोकर साध्यापेक्षा पाव हिस्सा तरी जास्त लागते. मी बेळगावहून आणते. पुन्हा चोर्ला घाट चढून गेलं तरी त्याच लॉटचा रंग मिळेलच असं नाही, म्हणून सगळे गोळे एकदम घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून बघा.

आणखी एक, कारण मला कोणीतरी हे सांगून घाबरवलं होतं. आयर्लंडजवळच्या अरन बेटांवरचे स्वेटर या विणीसाठी प्रसिद्ध आहेत. तिथे घराण्यागणिक वीण ठरलेली असे आणि बुडालेला माणूस तिच्यावरून ओळखत, अशी गोष्ट सांगतात. ती खरी नाही. दर्यावर नवरा असलेल्या बाईने ती मनाला लावून घेऊ नये.

आता तुमचा काठ. तो उसवू नका. काठाला कमी टाकेच बरे, घट्ट बसतो. नमुन्यावरून एकूण टाके काढा आणि जेवढे कमी पडतात तेवढे काठाच्या शेवटच्या ओळीत वाढवा. पण सगळीकडे सारखे पसरू नका. जिथे वेणी उभी राहणार, बरोबर तिच्या खाली वाढवा. नाहीतर काठाच्या वर झालर सुटल्यासारखं दिसतं.