आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया: आईला विचारायचे कसे?

आईंचे वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सुचवलेला सांधेबदल, त्यावरून तुम्हा भावंडांत पडलेले दोन तट आणि आईंचे 'तुम्ही ठरवाल ते', असा आपला प्रश्न आहे. फिजिओथेरपीच्या व्यवसायात हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर आता माझा फारसा विश्वास बसत नाही. पैसे मुलांचे, शुश्रूषा सुनेची, मग आपण कोणत्या तोंडाने हो किंवा नाही म्हणावे, हा हिशेब त्यामागे बहुधा असतो.

सर्वप्रथम घाई काढून टाका. झिजलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ही सहसा तातडीची बाब नसते; दोन-तीन महिने विचारात गेले तरी बहुधा काही बिघडत नाही. (सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.) एक्स-रेच्या अहवालातल्या 'ग्रेड ४'नेही, म्हणजे झिजेच्या सर्वांत वरच्या श्रेणीनेही, घाबरून जाऊ नका. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या संशोधकांनी मांडलेली ही श्रेणी सांध्यातली फट किती उरली आणि हाडाचे काटे किती वाढले एवढेच सांगते. आईंना दुखण्याने रात्री जाग येते का, भाजी आणायला जाताना मध्येच कट्ट्यावर टेकावे लागते का, हे त्यांनाच विचारावे लागेल.

माझ्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या एका बाईंचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात ११० अंशांपर्यंत वाकत होता, जखम उत्तम भरली होती आणि मी मनातून खूश होतो. त्या दिवशी त्यांनी हळूच विचारले, "आता भजनाला मांडी घालून कधी बसता येईल?" कृत्रिम सांध्यावर मांडी घालणे किंवा उकिडवे बसणे बहुतेकांना जमत नाही आणि बरेच सर्जन ते टाळायलाच सांगतात, हे त्यांना आधी कोणीही सांगितले नव्हते, मीही त्यांना कधी विचारले नव्हते. पुढे त्या खुर्चीवर बसून भजन म्हणू लागल्या, पण ती तडजोड त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती.

म्हणून पर्याय मांडताना ते आईंच्या दिनक्रमाला जोडून मांडा. मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा परिणाम सावकाश दिसतो, पण वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वेदनाशामक मलम तुलनेने सुरक्षित असते. गोळ्या मात्र मूत्रपिंड, रक्तदाब आणि जठर यांचा विचार करूनच घ्याव्यात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांचा असतो. सांधेबदलाने बहुतेकांचे दुखणे खूप कमी होते आणि बसवलेल्या सांध्यांपैकी सुमारे ८० टक्के २५ वर्षेही टिकतात. तरीही साधारण पाचांतील एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, हेही आईंच्या कानावर घातलेच पाहिजे. खर्चाच्या अंदाजपत्रकात कृत्रिम सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा, कारण २०१७ पासून केंद्र सरकारने तिच्यावर कमाल मर्यादा घातली आहे.

पुढच्या भेटीआधी आईंना एकट्यांना गाठून, शक्यतो स्वयंपाकघरातच, त्यांच्याच शब्दांत तीन गोष्टी कागदावर उतरवा: काय करता आले पाहिजे, कशाची भीती वाटते आणि काय सोडायची तयारी आहे. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत त्यांना बसवा, तुम्ही मागे बसा. "आत्ता काहीच केले नाही तर वर्षभरात काय होईल?" आणि "दोन्ही गुडघे एकदम की एकेक?" हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते आईंनी तुमच्या भावाला सांगावे; सांगताना त्या अडखळल्या, तर तेवढा भाग अजून समजलेला नाही असे धरून तो पुढच्या भेटीत पुन्हा विचारावा. आणि त्या 'सध्या नको' म्हणाल्या, तर तीन महिन्यांच्या व्यायामानंतर पुन्हा विचार करण्याची तारीख त्यांच्याच हाताने कॅलेंडरवर लिहून घ्या.