गचके कुठून येतात? जुन्या गाडीच्या सस्पेन्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

२०१२ची स्विफ्ट आहे, ९५,००० किलोमीटर झाले. हल्ली इंदुरात राजवाड्याजवळच्या गल्ल्यांतून जाताना प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. मेकॅनिक म्हणतो, चारही शॉकर बदला. खरंच बदलावे लागतील का? (वाचक, सुदामानगर)

कदाचित लागतील, पण त्याआधी गचका नेमका कसा आहे ते ओळखा. गाडीचं वजन शॉकर उचलत नाही, ते काम स्प्रिंगचं आहे. दबलेली स्प्रिंग वर-खाली नाचू लागते, ते नाचणं शॉकर थांबवतो. म्हणून शॉकर संपला की गाडी आधी कडक होत नाही, झुलायला लागते. माळव्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लांब लांब लाटा येतात. अशा लाटेवर ६०च्या वेगाने गेल्यावर गाडी एकदा बसून लगेच सावरायला हवी. ती दोन-तीनदा झुलत असेल तर शॉकर गेलेत.

तुमच्या पत्रात झुलण्याचा उल्लेख नाही. लहान खड्ड्यातला कोरडा 'ठक्' बहुतेक वेळा टायरमुळे किंवा रबरामुळे येतो. सुरुवात हवेपासून करा. गाडी रात्रभर उभी असताना, पंपापर्यंत दोन किलोमीटरहून जास्त न चालवता हवा तपासा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडाच ठेवा. पंपावरचा मुलगा विचारतो, "पस्तीस मारू?" आणि आपण हो म्हणतो. स्टिकरपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त झाले की टायरची भिंत दबत नाही आणि खड्डा थेट बॉडीपर्यंत पोहोचतो. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मग टायरचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी शिल्लक असली तरी, लाकडासारखा कडक होत जातो.

यानंतर पुढच्या शॉकरवरचं माउंटिंग, म्हणजे शॉकरचं वरचं टोक बॉडीला धरून ठेवणारा रबरी भाग. बॉनेट उघडा (काही गाड्यांत वायपरखालचं प्लास्टिकही काढावं लागतं) आणि कुणाला तरी गाडीचा तो कोपरा दाबून सोडायला सांगा. मधला नट रबरासकट उसळत असेल, किंवा रबर धातूपासून सुटून बाजूला फाकलं असेल, तर माउंटिंग गेलं. कोपरा दाबून सोडण्याची हीच चाचणी लोक शॉकरसाठी वापरतात. तिच्यात पूर्ण मेलेला शॉकर सापडतो, अर्धा संपलेला सापडत नाही. त्यासाठी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन खालून बघावं लागतं. शॉकरच्या अंगावर नुसता ओलसर थर आणि धूळ असेल तर घाबरू नका. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र बदला, आणि बदलाल तेव्हा पुढची जोडी किंवा मागची जोडी एकत्र बदला.

नवे शॉकर बसवायचे ठरलं तर त्याच दिवशी चार वस्तू मागवून ठेवा: माउंटिंग, त्याचं बेअरिंग, डस्ट कव्हर आणि बंप स्टॉप. बंप स्टॉप म्हणजे शॉकरच्या दांड्यावर असलेला फेसाळ, पिवळट ठोकळा. दहा वर्षांनी तो बोटात धरला तर भुगा होतो. तो नसला की मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं आणि 'धाड्' असा आवाज येतो. शॉकरच्या मानाने त्याची किंमत अगदीच किरकोळ, तरी बिल कमी दिसावं म्हणून जुनाच तुकडा परत चढवला जातो. तसं होऊ देऊ नका.

बसवताना दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. नवा शॉकर उभा धरून दांडा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, असं चार-पाच वेळा. आडवा ठेवलेल्या शॉकरमध्ये तेलात हवेचे बुडबुडे अडकतात, ते यामुळे निघतात. आणि वरचा नट घट्ट करताना दांडा पक्कडीत कुणी धरू नये. त्याच्या चकचकीत अंगावर एक ओरखडा पडला तरी तो प्रत्येक फेरीला तेलाचं सील कापत राहतो आणि काही महिन्यांत शॉकर गळू लागतो. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्याच.

दुकानात स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर मिळतात. गाडी वर उठते, आरामही वाढतो असं सांगतात. बसवावेत का? (वाचक, विजयनगर)

आरामासाठी नको. बफर बसवला की स्प्रिंगचे एक-दोन वेढे हलायचे थांबतात आणि जितके वेढे कमी हलतात तितकी स्प्रिंग कडक होते. गाडी वर दिसते, भरल्या गाडीचं पोट घासत नाही, हे खरं. पण एकटं-दुकटं फिरताना ती जास्त आदळते. शिवाय सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. स्प्रिंग बसली आहे का ते टेपने मोजा: सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत. डाव्या-उजव्या मापात एक सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंगची जोडीच बदला.

लोअर आर्मचे बुश सहा महिन्यांत दोनदा फाटले. बुश कंपनीचेच होते. चूक कुणाची? (वाचक, लोकमान्यनगर)

बसवण्याच्या पद्धतीची. आमच्या मते जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन जितकं या एका चुकीने खराब होतं तितकं दुसऱ्या कशानेच होत नाही.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या चौकटीशी जोडणारा खालचा दांडा. बुश म्हणजे बाहेर एक नळी, आत एक नळी आणि दोन्हींना चिकटलेलं मधलं रबर. बोल्ट घट्ट झाला की आतली नळी गाडीच्या चौकटीला आवळली जाते, बाहेरची आर्मबरोबर फिरते. म्हणजे चाक वर-खाली होताना तिथे काही घसरत नाही. रबर पिळतं आणि सुटतं. आता गाडी लिफ्टवर आहे असं समजा. चाक नेहमीच्या जागेपेक्षा बरंच खाली लोंबतं. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची 'आरामाची' जागा तीच ठरते. गाडी जमिनीवर उतरली की रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. प्रत्येक खड्ड्यात त्याला आणखी पिळ बसतो. ते लवकर फाटतं, आणि फाटेपर्यंत विनाकारण जादा स्प्रिंगसारखं काम करून गाडी कडक ठेवतं. नवे बुश घातल्यावर गाडी जास्त आदळते अशी तक्रार बऱ्याचदा यातूनच येते.

उपाय फुकट आहे. लिफ्टवर बोल्ट नुसते हाताने बसवायचे. गाडी चारही चाकांवर उतरवायची, थोडी पुढे-मागे ढकलायची, कोपरे दोन-तीनदा दाबून सोडायचे आणि मग गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळायचं. खड्डा नसेल तर आर्मच्या टोकाला, बॉल जॉइंटजवळ, जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणूनही चालतं. खात्री करायची असेल तर बोल्ट सैल असताना, गाडी चाकांवर उभी असताना, बुशची आतली नळी आणि आर्म यांच्यावरून खडूची एकच आडवी रेघ ओढा. काम संपल्यावर गाडी जमिनीवर असताना रेघ अखंड दिसली पाहिजे. तुटून दोन टोकं सरकलेली दिसली तर बोल्ट सैल करून पुन्हा आवळा. मागच्या ॲक्सलच्या बुशलाही हाच नियम.

पॉलीयुरेथेनचे बुश टिकतात म्हणून कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा, ते रबरापेक्षा कडक असतात आणि रस्त्याची थरथर आत आणतात. आरामासाठी रबरच हवं.

आमची बोलेरो रिकामी असली की मागून उडते, पोती भरली की मऊ चालते. सिमरोलच्या पुढे भेरूघाटाकडे शेत आहे, रोज जावं लागतं. मागच्या पाट्यांतला एक पाटा काढला तर? (वाचक, महू)

पाटा काढू नका. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, नुसतं वजन पेलत नाहीत, ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचं कामही तेच करतात. एक काढला की बाकीच्यांवर ताण वाढतो आणि ते बहुधा चवड एकत्र धरणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतात. मुख्य पाटा तुटला तर ॲक्सल सरकतो. घाटात ते होणं म्हणजे जिवावरचं संकट.

रिकामी गाडी उडते कारण पाटे भरल्या वजनाच्या हिशेबाने केलेले असतात. तो भाग बदलत नाही. बदलता येतं ते घर्षण. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत. गंज आणि चिखल साचला की सगळी चवड मिळून एकच जाड पट्टी बनते. लहान खड्ड्यात ती वाकतच नाही, गाडी अख्खी उचलली जाते.

काम असं करायचं. गाडी चेसीखाली स्टँडवर घ्या, ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोला. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी) काढून पाट्यांची चवड उतरवा. सेंटर बोल्ट सोडण्याआधी चवड मोठ्या सी-क्लॅम्पने धरा, कारण पाट्यांची गोलाई वेगवेगळी असते आणि बोल्ट सुटताच ते उसळतात. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासा, टोकांपाशी खोलगट खाच पडली असेल तर ती ग्राइंडरने बोथट करा, चीर दिसली तर पाटा फेकून द्या. मग ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर. जुनं इंजिन ऑइल ओतायची पद्धत सोडा. त्याला धूळ चिकटते आणि ते शॅकलच्या रबरी बुशांवर ओघळून त्यांना फुगवतं. चवडीच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या असतील तर त्याही नव्या घाला. शॅकलचे बुश बदला, आणि त्यांचे बोल्टही गाडी चाकांवर आल्यावरच आवळा. यू बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर ते एकदा पुन्हा आवळावे लागतात, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

आणि हवा. मॅन्युअलमध्ये रिकाम्या व भरल्या गाडीसाठी मागच्या चाकांचे वेगळे आकडे असतील तर पोती उतरल्यावर आकडा कमी करा. दुसऱ्या दिवशी माल भरण्याआधी परत वाढवा; कमी हवेवर ओझं नेलं तर टायर तापून फुटतो.

१५ इंची चाकांऐवजी १६ इंची अलॉय घालावेत का? (वाचक, तिलकनगर)

दिसतील छान, बसतील टणक. हिशेब करा. १६५/८० आर१४ टायरची भिंत १३२ मिलिमीटर, १८५/६५ आर१५ची १२०, आणि १९५/५५ आर१६ची १०७. तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास ६२ सेंटीमीटरच. म्हणजे वाढलेला धातू कमी झालेल्या रबराच्या जागी येतो. आराम हवा असेल तर उलट दिशेने जा: तुमच्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीत कंपनी लहान चाक देत असेल आणि ते ब्रेक कॅलिपरला घासत नसेल, तर तेच घ्या.

स्टिअरिंग वळवताना 'कट' आवाज येतो, आणि हळू चालवताना एका बाजूच्या खड्ड्यात 'टकटक'. एकच दोष आहे का? (वाचिका, देवास नाका)

बहुधा दोन. पहिल्यासाठी गाडी जागेवर उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि पुढच्या स्प्रिंगवर बाहेरून तळवा टेकवा, बोटं वेढ्यांच्या मधे घालू नका. स्प्रिंग आधी अडून मग एकदम झटका देऊन फिरत असेल तर माउंटिंगचं बेअरिंग जाम आहे.

दुसऱ्यासाठी स्पीडब्रेकर वापरा. दोन्ही चाकं एकदम चढली तर आवाज नाही, एकच चाक खड्ड्यात गेलं की आवाज, असं असेल तर स्टॅबिलायझर बारची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडणाऱ्या आडव्या दांड्याची, लिंक रॉड तपासा. दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली तर तो बार नुसता फिरतो, लिंकवर जोर येत नाही. लिंक रॉड स्वस्त असतात, दोन्ही बाजूंचे बदला आणि बारला गाडीशी धरून ठेवणारे रबरी डी बुशही बघून घ्या.

आईला मणक्याचा त्रास आहे. २०१०ची आय१० आहे, सस्पेन्शन ठीक असल्याचं सांगितलं गेलं. तरी उज्जैनला जाऊन आलं की तिचं दुखणं वाढतं. (वाचिका, सपना-संगीता रोड)

आईंना मागे बसवत असाल तर पुढे बसवा. मागची सीट जवळजवळ मागच्या ॲक्सलवर येते, तिथे उसळी सगळ्यात जास्त बसते. पुढची सीट दोन ॲक्सलच्या मधे असते.

मग सीटच तपासा. पंधरा वर्षांत फोम बसतो आणि माणूस आतल्या तारांच्या चौकटीवर बसू लागतो. मुठीने सीटचा मध्य दाबा; आतली तार किंवा पट्टी हाताला लागली तर फोम संपला. वर उशी ठेवू नका, त्याने बसणं उंच होतं आणि बेल्ट पोटावर सरकतो. सीटवाल्याकडून कव्हर उतरवून फक्त बसण्याचा फोम नवा घालून घ्या, जास्त घनतेचा. हाताला गुबगुबीत लागणारा हलका फोम तासाभरात तळ गाठतो. कव्हर उतरलेलंच असेल तेव्हा खालच्या तारांचे हुक निसटले आहेत का तेही बघा. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर हे काम ती हाताळता येणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि आईंना बरोबर न्या: फोमची जाडी त्या बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, यावर ठरवायची आहे.