दहावीनंतर अमेरिकेला येणाऱ्या मुलीने उन्हाळ्यात काय करावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा : पतीच्या बदलीमुळे आपले कुटुंब जुलैअखेर नागपूरहून न्यू जर्सीला येत आहे, मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपली आहे, तिला गणिताची आणि हार्मोनियमची आवड आहे, आणि पुढे इथल्या कॉलेजप्रवेशाला उपयोग व्हावा म्हणून एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात भरणाऱ्या दोन आठवड्यांच्या महागड्या शिबिरात तिचे नाव घालावे का. मी नागपूरच्या धरमपेठेतून इकडे आलो आणि माझ्या दोन्ही मुलांचे अर्ज याच राज्यातून गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या शिबिराचे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी बरीच शिबिरे बाहेरच्या संस्था विद्यापीठाची जागा भाड्याने घेऊन चालवतात, आणि जी विद्यापीठे ती स्वतः चालवतात त्यांच्याकडेही फी भरणाऱ्या बहुतेकांना जागा मिळते. प्रवेश समितीतील लोकांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पैसे घेऊन ‘शोधनिबंध’ छापून देणाऱ्या सल्लागारांपासूनही दूरच राहावे. खरी चुरस असलेले उपक्रम वेगळे आहेत. एमआयटीत भरणाऱ्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये जेमतेम शंभरेक मुले घेतात आणि शिकवण्याची फी घेत नाहीत. गणितासाठी १९५७ साली सुरू झालेला रॉस कार्यक्रम आणि बोस्टन विद्यापीठात १९८९पासून चालणारा प्रॉमिस हे दोन सहा आठवड्यांचे वर्ग आहेत, आणि त्यांच्या अर्जासोबत अवघड गणिते सोडवून पाठवावी लागतात. मुलीला ती गणिते नुसती वाचूनच मजा येत असेल, तर पुढच्या वर्षी तिने जरूर प्रयत्न करावा. निवड झाली नाही तरी ते काम वाया जात नाही.

व्हिसाची बाजू आपण विचारलेली नाही, पण ती आधी पाहावी लागेल. पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येत असतील तर मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर येईल, कंपनीच्या अंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसावर येत असतील तर एल-२वर, आणि दोन्ही प्रकारांत मुलांना पैसे घेऊन काम करता येत नाही. इथली मुले सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात किंवा पोहण्याच्या तलावावर नोकरी करतात, आणि कॉलेजे त्या नोकरीला चांगला मान देतात. पण तो रस्ता आपल्या मुलीला बंद आहे. पैसे घेऊन शिकवण्या घेणेही त्यातच आले. एरवी ज्या कामाला पगार देतात ते काम खासगी कंपनीत फुकट करणे हासुद्धा सुरक्षित मार्ग नव्हे. सार्वजनिक वाचनालय, रुग्णालय, गरजूंना धान्य वाटणाऱ्या संस्था, मराठी मंडळाची रविवारची शाळा अशा ठिकाणचे खरे स्वयंसेवी काम मात्र चालते. सरकारी प्रयोगशाळांच्या अनेक उन्हाळी योजनांना, उदाहरणार्थ नासाच्या इंटर्नशिपला, अमेरिकेचे नागरिकत्व लागते. तेव्हा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी पात्रतेची ओळ वाचावी.

कॉमन ॲप या सामाईक अर्जात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरचिन्हे मिळतात, आणि आठवड्याला किती तास व वर्षाला किती आठवडे दिले हे सांगावे लागते. एवढ्या जागेत शिबिराचे नाव मावते, पण मुलीने स्वतः काय केले हे सांगायला तिथे काही उरत नाही. उलट दोन वर्षे दर आठवड्याला एखादे काम केलेले असेल, तर ते आकड्यांतूनच दिसते. घरच्या जबाबदाऱ्यांसाठीही त्या यादीत स्वतंत्र प्रकार आहे. आजीची औषधे सांभाळणे, धाकट्या भावाचा अभ्यास घेणे या गोष्टी आपली माणसे संकोचाने लिहीत नाहीत, त्या लिहाव्यात.

शाळेने तिला अकरावीत घेतले, तर बारावीच्या सुरुवातीला करायच्या कॉलेजच्या अर्जापूर्वी इथला एकच उन्हाळा तिच्या हाती येईल. म्हणून नागपूरचा हा उन्हाळा मोलाचा आहे, आणि शेजारची मुले जेईईच्या फाउंडेशन वर्गाला जात आहेत म्हणून तो त्यात घालवू नये. ओळखीने नागपुरातल्या नीरी या संशोधन संस्थेत किंवा व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत चार दिवस बसवून प्रमाणपत्र आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्या कागदाचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा एक प्रश्न घेऊन ती घरूनच काम करू शकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, पण टिनाच्या छताखाली, स्लॅबच्या खोलीत आणि कडुनिंबाच्या सावलीत तो किती वेगवेगळा असतो? साधे तापमापक घेऊन रोज ठरावीक वेळी नोंद करावी, रात्री कोणते घर किती वेळाने निवते ते पाहावे, आणि आलेख काढून ती माहिती वस्तीतल्या लोकांना मराठीत समजावून सांगावी. भर दुपारच्या नोंदी मात्र मोठ्या माणसाच्या सोबतीनेच व्हाव्यात. गणित आवडणाऱ्या मुलीला यात सरासरीच्या पलीकडचे पुष्कळ सापडेल, आणि न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात तेच मोजमाप पुढे चालवता येईल. हा केवळ एक नमुना आहे. प्रश्न तिचा स्वतःचा असला तर अधिक बरे.

हार्मोनियम सोडू नये. मंडळाच्या कार्यक्रमांत साथीला माणूस हवाच असतो, आणि लहान मुलांना विनामूल्य शिकवायला बसली तर तेच तिचे सर्वांत टिकाऊ काम ठरू शकेल.

पुढच्या उन्हाळ्याची आखणी करताना घराचा पत्ता लक्षात घ्यावा. या राज्यात एकट्याने गाडी चालवण्याचा परवाना सतराव्या वर्षी मिळतो आणि उपनगरांत बस क्वचितच सोयीची असते, त्यामुळे पायी किंवा सायकलने गाठता येईल असे वाचनालय हे दूरच्या प्रसिद्ध रुग्णालयापेक्षा बरे. रुग्णालयच हवे असेल तर किमान वयाची अट आणि लसीकरणाचे कागद आधी विचारून घ्यावेत, कारण सुट्टी जूनमध्ये लागत असली तरी स्वयंसेवकांच्या जागा बऱ्याच आधी भरतात. कॉमन ॲपचा नवा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो आणि लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते, तेव्हा त्या ऑगस्टचे शेवटचे आठवडे ६५० शब्दांच्या निबंधासाठी मोकळे ठेवावेत आणि त्या काळात नवे काही सुरू करू नये.

निघण्यापूर्वी तिच्या नागपुरातल्या कामाची तारीखवार वही आणि ते काम पाहिलेल्या शिक्षकांचा ईमेल पत्ता सोबत घ्यावा. शाळेच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती तर लागतीलच.