कॉम्प्युटरसोबत आलेल्या प्लेअरवर काही जुने व्हिडिओ उघडत नाहीत. मित्र म्हणतो, फाइल खराब आहेत, पुसून टाक. डेस्कटॉपसाठी दुसरा कुठला प्लेअर घ्यावा?

आधी एक ऐका, काहीही पुसू नका. प्लेअर कोणता घ्यायचा हे उद्या ठरवलं तरी चालेल.

व्हीएलसी टाका. हे तुम्हाला इतरांनीही सांगितलं असेल आणि ते बरोबरच आहे. मी लिहायला बसले ती तुमच्या मित्राच्या वाक्यामुळे. हेच वाक्य आमच्या घरात दादा बोलला होता.

आजीला आम्ही एकदा छोट्या डिजिटल कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं होतं. तिचं लहानपण, तिची आई, शाळा सुटली ते वर्ष, असं सगळं ती दोन दिवस सांगत होती. दोन फाइल झाल्या, दोन्ही एव्हीआय या जुन्या प्रकारच्या, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपली. आजी गेल्यावर वर्षभराने आम्ही त्या लावायला घेतल्या, तर प्लेअर म्हणाला, फाइल चालवता येत नाही. दादाने कुठूनतरी एक कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ आणि आवाज उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा गठ्ठा, उतरवून टाकला, मग त्यावर दुसरा. आजीच्या फाइल उघडल्या नाहीतच, उलट जे व्हिडिओ आधी नीट चालत होते त्यांचाही आवाज गेला. शेवटी तो म्हणाला, "फाइलच मेलीय गं, उगाच जागा अडवून बसलीय," आणि माझ्यासमोर शिफ्ट दाबून पहिली फाइल उडवली. ती रिसायकल बिनमध्येसुद्धा गेली नाही. दुसरी मी आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर घेतली होती, म्हणून राहिली.

पुढे काही महिन्यांनी मी ती व्हीएलसीवर टाकली. एक चौकट आली: या फाइलची अनुक्रमणिका तुटलेली आहे किंवा नाहीच, ती तयार करून मग चालवू, आहे तशी चालवू, की चालवूच नको? मी पहिला पर्याय दाबला. पट्टी सावकाश सरकत गेली आणि आजी समोर आली, चष्मा पुसत.

एव्हीआयमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी, म्हणजेच ती अनुक्रमणिका, सहसा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं की ती यादी राहून जाते. चित्र आणि आवाज जिथल्या तिथे असतात, फक्त सापडायला अवघड होतात. काही प्लेअर यादी दिसली नाही की थेट नकार देतात. व्हीएलसी फाइल सुरुवातीपासून चाळून यादी स्वतः तयार करतो.

आवाज मात्र मागे पडत होता. आजीने चष्म्याची डबी मिटलेली दिसायची आणि टक् असा आवाज नंतर यायचा. व्हीएलसीत, विंडोज आणि लिनक्सवर, कीबोर्डवरचं जे (J) हे बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, के (K) दाबलं की तेवढाच पलीकडे जातो. मी तो डबीचा तुकडा पुन्हा पुन्हा लावून जे (J) दाबत गेले. बाराव्या वेळेला डबी आणि टक् एकत्र आले. म्हणजे ६०० मिलिसेकंद. त्यानंतर आजी बोलत होती ते तिच्याच तोंडून येतंय असं वाटायला लागलं.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे की प्लेअर सगळे सारखे, तुझं नशीब चांगलं होतं. यात नशिबाचा काही संबंध नाही. व्हीएलसीचं मूळ पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. १९९६ मध्ये तो सुरू झाला तो कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायला आणि बघायला, आणि २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला. नेटवर्कवर माहितीचे तुकडे वाटेत हरवतातच, तरी चित्र पुढे चालू ठेवायचं ही त्याची पहिल्यापासूनची सवय. शिवाय बहुतेक कोडेक तो स्वतःबरोबर घेऊन येतो, सिस्टिमकडे मागत नाही. म्हणून कोडेक पॅकच्या वाटेला अजिबात जाऊ नका. "चालवता येत नाही" याचा अर्थ "मला चालवता येत नाही" एवढाच असतो. फोनवर काढलेल्या व्हिडिओचा आवाज येतोय पण पडदा काळा आहे, असं तुमच्याकडे होत असेल तर तो व्हिडिओ बहुधा एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ या कोडेकमधला असेल. तो उलगडणारा डिकोडर त्या प्लेअरकडे नाही, बाकी फाइल धडधाकट असते.

आता बाकीचे. रोजच्या वापराला मी स्वतः एमपीव्ही वापरते. मेनू जवळपास नाहीत, सगळं कीबोर्डवर आणि एका कॉन्फिग फाइलमध्ये, त्यामुळे सवय व्हायला वेळ लागतो. पण स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे, पूर्णविराम दाबला की एक पुढे. व्हीएलसी ३ मध्ये ई दाबून फ्रेम पुढे जाते, मागे येत नाही. मॅक असेल तर आयना बघा, आतून तो एमपीव्हीच आहे. विंडोजवर हलकाफुलका हवा तर एमपीसी-एचसी. मूळ चमूने २०१७ मध्ये काम थांबवलं, पण दुसऱ्यांनी ते पुढे चालू ठेवलंय, तेव्हा नवी आवृत्ती घ्या. मराठी सबटायटल्स लावणार असाल तर व्हीएलसी जुना ठेवू नका. २०१८ च्या ३.० पासून जोडाक्षरं नीट दिसतात. सबटायटल्सची एसआरटी फाइल मात्र यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलेली हवी.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. व्हीएलसी मूळ फाइल दुरुस्त करत नाही, यादी फक्त मेमरीत तयार होते, पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओच्या साधनाने ती फाइल पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र-आवाज आहे तसा ठेवून, एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली आणि आवाजाचे ते ६०० मिलिसेकंद तिथेच कायमचे बसवले. आणि व्हीएलसी सगळंच उघडतो असंही नाही. एमपी४ चं रेकॉर्डिंग तुटलं आणि त्यातला मूव्ह (moov) नावाचा, यादीचंच काम करणारा भाग लिहिलाच गेला नसेल, तर तोही हात टेकतो. तेव्हा त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने काढलेला एखादा धड व्हिडिओ शोधून ठेवा. त्याच्या आधाराने तुटलेली फाइल पुन्हा जुळवणारी साधनं आहेत.

व्हीएलसी तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. आणि मित्राचं ऐकून एखादी फाइल आधीच पुसली असेल, तर हे वाचून झाल्याबरोबर रिसायकल बिन उघडून बघा.