'कॅन्सल करा' म्हणालात, पण कॅन्सल झालं का?

पवनेच्या काठावरच्या कॅम्पने पैसे बुडवले, अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात आणि मी बहुतेकांना सरळ सांगतो की सोडून द्या. ठाण्याच्या ताईंचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं.

थोडक्यात असं आहे. घरचे ११ जण, धरणाकाठच्या दोन केबिन, शुक्रवार १२ ते रविवार १४ जुलै २०२४. 'फुल पेमेंटवर डिस्काउंट' म्हणून ३६,००० रुपये आधीच यूपीआयने दिले. ३० जूनला भुशी डॅमवर एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ती बातमी बघून आई घाबरल्या आणि ताईंनी त्याच रात्री कॅम्पवाल्याला व्हॉट्सॲप केलं, 'आमचं कॅन्सल करा'. १ जुलैला त्याचं उत्तर आलं, 'मॅडम टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे सेफ आहे, तुमची डेट होल्ड करून ठेवलीये, नक्की या'. मग पुणे जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघाले आणि १० जुलैला त्याचाच मेसेज आला की पोलिसांनी बंद केलंय, या वीकेंडला येऊ नका. पैसे मागितल्यावर व्हाउचर दाखवलं, १५ दिवसांच्या आत कॅन्सल केलं तर रिफंड नाही, हवी तर सहा महिन्यांची क्रेडिट नोट घ्या, म्हणजे पैसे परत नाहीत, पुढच्या बुकिंगला वळते. ताई रागावल्या आणि उत्तरच दिलं नाही.

ताई, तुम्ही चार पानं त्या १५ दिवसांच्या अटीवर लिहिली आहेत, ती अट किती अन्यायाची आहे वगैरे. असेल अन्यायाची, पण तुमची केस त्या अटीवर नाहीच. ती आहे त्याच्या १ जुलैच्या मेसेजवर, जो तुम्ही पत्रात कंसात उल्लेख करून सोडून दिलाय!

करार कायद्याचं कलम ३९ असं सांगतं की एका बाजूने 'मी करार पाळणार नाही' म्हटलं तर दुसरी बाजू करार संपवू शकते, पण शब्दाने किंवा वागण्याने 'करार चालू आहे' असं तिने दाखवलं तर मग तिला तो संपवता येत नाही. तुम्ही कॅन्सल म्हणालात, तो म्हणाला होल्ड केलीये, या. म्हणजे त्याने तुमचं कॅन्सलेशन घेतलंच नाही, बुकिंग जिवंत ठेवलं, बहुधा त्याला रिव्ह्यू आणि वीकेंड दोन्ही हवे होते. आता बुकिंग १० जुलैपर्यंत जिवंत होतं तर ते तुम्ही मोडलेलं नाही, ते त्याला पुरवता आलं नाही म्हणून पडलं, आणि करार करताना शक्य असलेली गोष्ट नंतर बेकायदा किंवा अशक्य झाली तर कलम ५६ प्रमाणे करार रद्द ठरतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेले पैसे परत करावे लागतात. १५ दिवसांची अट तुम्ही कॅन्सल केलं तर लागते, त्याने 'येऊ नका' म्हटलं तर नाही.

त्याचा वकील म्हणेल की 'होल्ड' म्हणजे फक्त तारीख बदलून द्यायची तयारी होती. म्हणू दे, पण 'नक्की या' याचा अर्थ बदलणं त्याला जड जाईल.

दोन ठिकाणी मी छातीठोकपणे बोलणार नाही. एक, व्हाउचरच्या मागच्या बाजूला 'सरकारी निर्बंध आल्यास फक्त क्रेडिट नोट' असं काही छापलंय का? तुम्ही फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवलाय. असं कलम करारातच असेल तर ५६ बाजूला पडतं आणि त्या कलमाप्रमाणे बघावं लागतं, सुप्रीम कोर्टाने एनर्जी वॉचडॉग निकालात २०१७ मध्ये हेच सांगितलंय. दोन, बंदी आदेशाची भाषा. असे आदेश बरेचदा पाण्यात उतरणं, गर्दी करणं, धबधब्याखाली जाणं यावर असतात, केबिनमध्ये झोपण्यावर असतीलच असं नाही. आदेशाची प्रत काढा, पण त्याने स्वतः 'पोलिसांनी बंद केलंय' लिहून दिलंय त्यामुळे प्रत अडचणीची निघाली तरी सेवा त्यानेच नाकारली हे उरतंच.

क्रेडिट नोटला उत्तर दिलं नाहीत हे नकळत फार चांगलं केलंत. लोक अशा वेळी अंगठा पाठवून मोकळे होतात आणि मग समोरचा म्हणतो जुन्या कराराच्या जागी नवा झाला.

आता रागावतो. दोन वर्षं काय करत होतात? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९, तक्रारीला मुदत दोन वर्षं. उशीर माफ होऊ शकतो पण त्याला सबळ कारण लागतं आणि 'मुलाची दहावी होती' हे कारण ग्राहक आयोगात रोज चार जण सांगतात. तुमचे पैसे १२ जुलै २०२४ ला अडकले असं धरलं तर मुदत १२ जुलै २०२६ ला भरते, त्या दिवशी रविवार आहे, म्हणून १० तारखेचा शुक्रवार हाच शेवटचा दिवस समजा, आणि आत्ता मे संपत आलाय. आणि हो, कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते. नाही वाढत!! नोटीस जरूर पाठवा, १५ दिवस द्या, पण तक्रारीचा मसुदा त्याच दिवशी तयार हवा.

तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात करा. तक्रारदार राहतो तिथे करता येते, व्हाउचरवर 'वाद वडगाव मावळच्या कोर्टात' छापलंय त्याला घाबरून मावळात चकरा मारू नका. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लागत नाही (हे लिहिताना माझंच नुकसान आहे). तक्रारीत 'एकतर्फी अन्यायी करार' हे शब्द घालू नका, तो विषय कायद्याने राज्य आयोगाकडे दिलाय, उगाच अधिकारक्षेत्राचा फाटा फुटेल. सेवेत त्रुटी आणि पैसे परत, एवढंच. ३६,००० अधिक व्याज अधिक खर्च मागा, मानसिक त्रासाचे पाच लाख मागून हसू करून घेऊ नका.

तुमच्या भावाने सुचवलंय की कॅम्प पाटबंधारे खात्याच्या जागेवर आहे, बेकायदा आहे, तेही लिहा. नका लिहू. पवनाकाठी जागांची भानगड आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण करारच बेकायदा होता असं तुम्हीच म्हणालात तर तुमचा सोपा मुद्दा गढूळ होतो.

खरी अडचण वेगळीच आहे. फोन बदलला आणि ती चॅट गेली, असं तुम्ही शेवटच्या ओळीत सांगताय, अहो हे पहिल्या ओळीत सांगायचं! नशीब की तेव्हा घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला होतात आणि तो मिस्टरांच्या फोनमध्ये आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, जुन्या फोनचा बॅकअप सापडतोय का बघा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. नोटिशीत त्याचा १ जुलैचा मेसेज शब्दशः उतरवा, त्याने उत्तरात तो नाकारला नाही तर तुमचं काम सोपं झालं. यूपीआयच्या पावतीवर ज्याचं नाव दिसतंय तो मालकाचा पुतण्या असला तरी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध करा.

निकाल कधी? समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५, त्यापुढे नाहीच, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने पक्कं केलंय. आणि अशी साधी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असंही कायद्यात लिहिलंय. मी ते वाक्य अशिलांना वाचून दाखवणं सोडून दिलंय. तारखा पडतील, मध्यस्थीला पाठवतील, तिथे तो पूर्ण मुद्दल देत असेल तर व्याजासाठी ताणू नका.

राहिला तुमचा डिसेंबरचा कोलाडचा बेत. कुंडलिका नदीच्या काठच्या केबिन, छान आहे, तिथलं राफ्टिंग सकाळी सोडलेल्या धरणाच्या पाण्यावर चालतं, तेव्हा आईंना आणि पोरांना काठावर कुठे बसवायचं ते आधी विचारा. आणि पैसे पाठवायच्या आधी एकच प्रश्न लेखी विचारा, 'प्रशासनाने किंवा तुम्ही बंद केलंत तर पूर्ण पैसे परत, बरोबर ना?' उत्तर 'हो' आलं तर स्क्रीनशॉट काढून यावेळी तीन जणांच्या फोनमध्ये ठेवा, 'बघू मॅडम' आलं तर दुसरी केबिन शोधा.