नकळत दुर्मीळ मसल कार बाळगलेली किंवा हातची घालवलेली माणसं खरंच असतात का?

असतात. मात्र 'शेतकऱ्याच्या गोठ्यात करोडोंची गाडी सापडली' छापाच्या व्हिडिओंमध्ये दाखवतात तेवढी नसतात, आणि तशीही नसतात. तुम्ही विचारलंय की हे सगळं रचलेलं वाटतं, एवढी किमती गाडी दारात उभी असताना मालकाला कळणार कसं नाही? शंका रास्त आहे. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. इथे कारखान्यातून निवृत्त झालेल्या कुणाशीही दहा मिनिटं बोललात तर 'ती गाडी विकली नसती तर आज...' हे ऐकायला मिळतंच. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या असाव्यात असं माझं मत आहे.

न कळण्याचं कारण या गाड्या विकल्या कशा जायच्या त्यात आहे. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या साध्यासुध्या गाडीत थोरल्या गाडीचं इंजिन. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिअॅकने टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं (घनइंच हे इंजिनाच्या आकाराचं माप) इंजिन घालून जीटीओ आणली. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांच्या वर जायचं नाही. नवीन मॉडेल म्हणून ती वर मंजुरीला पाठवली असती तर तिथेच अडकली असती, म्हणून जादा पैसे देऊन घ्यायचं 'ऑप्शन' म्हणून गुपचूप खपवली. पुढची सहा-सात वर्षं सगळ्या कंपन्यांनी हाच कित्ता गिरवला. म्हणजे वरून दोन गाड्या सारख्याच दिसणार, एक आजीची बाजाराला न्यायची आणि दुसरी आज लाखो डॉलरची. फरक कुठे? ऑर्डरच्या कागदावर.

याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण १९६९ ची कॅमेरो झेडएल-१. शेव्हरोलेकडे 'कोपो' नावाची एक व्यवस्था होती, सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर. टॅक्सीवाले, पोलीस खातं वगैरेंना यादीबाहेरचं काही हवं असेल तर ते या वाटेने मागवायचं. इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातल्या फ्रेड गिब या डीलरने या वाटेने शर्यतीच्या तोडीचं ४२७ घनइंचांचं अॅल्युमिनियमचं इंजिन लावलेल्या ५० कॅमेरो मागवल्या. साधी कॅमेरो तीन हजार डॉलरच्या आत मिळायची. या गाडीचं नुसतं इंजिनच चार हजारांच्या वर, आणि बिल आलं सात हजारांच्या पुढे. गिऱ्हाईक फिरकेना. बऱ्याच गाड्या कंपनीकडे परत गेल्या, काहींमधलं इंजिन काढून दुसरं घातलं गेलं. एकूण बनल्या ६९. आणि बाहेरून? साध्या लोखंडी चाकांवर वाटीएवढ्या टोप्या, ना पट्टे, ना झेडएल-१ चं नाव. गाडीच्या चॅसी नंबरातही फक्त 'आठ सिलिंडरची कॅमेरो' एवढंच. अशी गाडी १९७४ साली तिसऱ्या-चौथ्या हाताने कुणी घेतली असेल तर त्याला ती ओळखता आली नाही यात नवल नाही.

सुपरबर्डचं उलट. १९७० ची ही प्लिमथ कुणाच्याही नजरेतून सुटणं शक्य नाही: पुढे लांब टोकदार नाक, मागे छतापेक्षा उंच पंख. (आपल्याकडे जुन्या मुंबईकरांना प्लिमथ आठवते ती कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जुळणी व्हायची ती. या गाडीशी तिचा संबंध नावापुरता.) नॅसकार या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतीत उतरवायची तर ठरावीक संख्येने तशा गाड्या लोकांना विकाव्या लागतील असा नियम होता, म्हणून एकोणीसशेच्या आसपास बनवल्या. शर्यतीत ठीक, पण घरी आणायला लोक तयार नव्हते. शोरूमबाहेर त्या इतक्या पडून राहिल्या की काही डीलरांनी नाक आणि पंख काढून टाकले, साध्या रोडरनरचा (सुपरबर्ड जिच्यावरून बनवली ती प्लिमथ) पुढचा भाग बसवला आणि तशाच विकल्या. अशा एखाद्या गाडीचा पुढचा मालक तिला आयुष्यभर रोडरनरच समजला असेल. जाणकार माणूस आधी व्हिनाइलचं छत बघतो, कारण मागच्या काचेभोवतीचं बदललेलं काम झाकायला ते सगळ्याच सुपरबर्डना दिलेलं होतं. मग डिकी उघडून पंखाला आधार द्यायच्या पट्ट्या शोधतो.

आमच्याच रस्त्यावरच्या एका निवृत्त फोरमननी त्या काळात सवलतीत मिळणारी सुपरबर्ड सोडून दिली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "गॅरेजमध्ये मावत नव्हती." अठरा फुटांहून लांब गाडी, खरंच मावली नसती.

त्यांचा निर्णय मला चूक वाटत नाही. आज दुर्मीळ असलेली गाडी बहुतेक वेळा त्या काळी न खपलेली गाडी असते. १९७० च्या सुमारास तरुण मुलांच्या मसल कारचा विमा इतका महागला की गाडीच्या हप्त्यापेक्षा विमाच बोचायला लागला. मग धुराचे कायदे आले, १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ताकद कमी केली, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोलपंपावर रांग लावून असली खादाड गाडी पाळायची कुणी? त्यात मिशिगनचा हिवाळा. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चार-पाच वर्षांत दारांच्या खालचा पत्रा खाऊन टाकतं. १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे 'हेमी' हे जबरदस्त इंजिन लावलेली, छत उघडणारी प्लिमथ, जेमतेम डझनभर बनली. त्यातली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. पण ती डझनभरच का बनली? कारण नुसत्या हेमी इंजिनाला आठशेच्या वर डॉलर जास्त मोजायचे, आणि ते मोजायला कुणी तयार नव्हतं.

'नकळत'चा पुरावा असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हवी असेल तर ती 'लिटल रेड'ची. कॅरोल शेल्बी फोर्डची मस्टँग घेऊन तिच्यावरून शेल्बी गाड्या बनवायचे. १९६७ ची ही शेल्बी जीटी ५०० प्रायोगिक म्हणून बनवलेली. बाकीच्या जवळजवळ सगळ्या जीटी ५०० फास्टबॅक, म्हणजे छत मागे उतरत जाणाऱ्या होत्या, ही डिकी वेगळी असलेली कूपे. कंपनीने ती मोडीत काढली असं अनेक दशकं सगळे धरून चालले होते. कॅरोल शेल्बी असेपर्यंत ती सापडली नाही. २०१८ मध्ये उत्तर टेक्ससमध्ये एका माणसाच्या जागेत ती उघड्यावर गंजत पडलेली मिळाली. शोधणारे आधी शेल्बीने दिलेल्या नंबराने शोधत होते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की गाडी मुळात फोर्डची, तर फोर्डच्या चॅसी नंबराने बघू. त्या नंबराने माग लागला.

आता त्याच्या उलट प्रकार, जो मी जास्त पाहिलाय. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई, वय ऐंशीच्या पुढे, यजमान वारल्यावर गॅरेज रिकामं करत होत्या. आत ताडपत्रीखाली १९७० ची कुडा. मुलाने त्यांच्या डोक्यात भरवलेलं की ही हेमी आहे, घर घेता येईल. मला बोलावलं. १९६८ पासून अमेरिकेत गाडीचा चॅसी नंबर डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल असा असतो. धूळ पुसून टॉर्च मारला: बीएस२३एच०बी आणि पुढे आकडे. त्यातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. हेमीला तिथे 'आर' लागतो. इथे 'एच', म्हणजे ३४० घनइंच. शेवटचा 'बी' म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना, इथून अर्ध्या तासावर होता तो. मुलगा म्हणाला, इंजिन नंतर बदललं असेल. मग मागच्या सीटची गादी उचलली. स्प्रिंगांमध्ये कारखान्यातला जुळणीचा कागद अडकलेला होता, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला, पण इंजिनाचा रकाना शाबूत. तिथेही ३४०. मुलाचा चेहरा पडला. बाईंना काही वाटलं नाही, त्यांना फक्त गॅरेज मोकळं हवं होतं. माझ्या मते ३४० ची कुडा चालवायला हेमीपेक्षा बरी, पुढचं वजन कमी, वळते छान. पण लिलावात असल्या बोलण्याला किंमत नसते.

तुमच्या माहितीतल्या कुणाकडे अशी गाडी असेल तर कंपनीगणिक वाट वेगळी. क्रायस्लरच्या गाड्यांना (प्लिमथ, डॉज) चॅसी नंबरातलं पाचवं अक्षर. फोर्ड असेल तर १९६७ पासूनच्या नोंदी मार्टी रिपोर्ट नावाने विकत मिळतात, तुमच्या गाडीसारख्या किती बनल्या तेही त्यात येतं. पाँटिअॅकच्या नोंदी पीएचएस (पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडे. गोची शेव्हरोलेची. १९७० च्या शेव्हेल या शेव्हरोलेच्या गाडीच्या नंबरावरून ती एसएस (जोरदार इंजिनाची 'सुपर स्पोर्ट') आहे की साधी हेसुद्धा कळत नाही. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोले गाड्यांच्या नोंदी कंपनीकडे नाहीत, कॅनडात विकलेल्यांच्या आहेत. त्यामुळे साध्या शेव्हेलवर बिल्ले आणि पट्टे लावून एसएस ४५४ म्हणून विकणाऱ्यांचं फावलंय. पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला जुळणीचा मूळ कागद मिळाला तर तोच काय तो पुरावा, आणि तसले कागदही आता हुबेहूब नवे छापून मिळतात.