मूल ‘नको’ की ‘नकोच’?

“असल्या जगात मूल कशाला आणायचं?” गेल्या काही वर्षांत हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत किती वेळा आलं, याची मोजदाद नाही. आत तिशीच्या अलीकडचं-पलीकडचं जोडपं, बाहेर बाकावर एखादी आई नाहीतर सासू. तिची अपेक्षा एकच, “मॅडम, यांना जरा समजावा.”

खरं सांगते, आधी मला ही पळवाट वाटायची. मग 2021 साली दहा देशांतल्या दहा हजार तरुणांची एक पाहणी वाचली. भारतही त्यात होता. हवामानाच्या काळजीने मूल होऊ द्यायला कचरणारे दहातले जवळपास चार निघाले. तेव्हापासून मी नीट ऐकायला लागले.

असंच एक जोडपं, पूर्वा आणि निखिल (नावं बदलली आहेत). पूर्वा लातूरची. 2016च्या उन्हाळ्यात टाक्यांपाशी जमावबंदी होती, मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि ही कॉलेजातली पोर घागर घेऊन रांगेत. निखिल पुण्याचा. त्याच्याकडे आकडे. श्रीमंत देशांत एक मूल कमी म्हणजे वर्षाला 58.6 टन कार्बनची बचत! (त्या हिशेबात पुढच्या कित्येक पिढ्यांचं ओझं एकाच माणसाच्या नावावर टाकलंय, हे त्याने वाचलं नव्हतं.)

“आईंना हा आकडा सांगितलात?”

“सांगितला.”

“मग?”

“त्या दिवशी ती जेवली नाही.”

नसबंदीची तारीखही ठरली होती. चौथ्या भेटीत मी विचारलं, “समजा, पाऊस, पाणी, हवा, सगळं ताळ्यावर आलं. मग हवंय मूल?”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पूर्वा म्हणाली, “हवंय. नावसुद्धा ठरवलंय मी.”

निखिल तिच्याकडे बघतच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मला... तरीही नको.”

तीन वर्षं दोघं एकच वाक्य बोलत होते. ती हवं असलेलं सोडत होती, त्याला मुळात नको होतं. घाई त्यांनी करू नये, एवढंच मी म्हटलं. हा एक प्रश्न सुचायला मला मात्र बावीस वर्षं या खुर्चीत बसावं लागलं.

वाक्यातला ‘च’ पकडा, असं मी सगळ्यांना सांगते. ‘मूल नको’ ही इच्छा झाली, तिला टनांचं प्रमाणपत्र लागत नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि पत्नी मालतीबाईंनी व त्यांनी स्वतःलाही मूल होऊ दिलं नाही. तेव्हा हे काही कालपरवाचं खूळ नव्हे. पण ‘मी मूल होऊ देताच कामा नये’ यातला ‘च’ भीतीचा असतो. महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 2019-21च्या पाहणीतच 1.7वर आला होता, पृथ्वी काही एका पूर्वाच्या गर्भाशयावर तोललेली नाही. भीतीच्या भरात शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. दोघांनी आपापलं कारण वेगवेगळ्या कागदावर लिहा, मग कागद बदला. आणि मोठ्यांपुढे आकडे ठेवू नका. त्यांना त्यात ‘तुम्ही आम्हाला उगाच जन्म दिलात’ एवढंच ऐकू येतं.

तारीख रद्द झाली. निर्णय अजून व्हायचाय, आणि तो सोपा नाही. परवा पूर्वाचा फोन आला. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं म्हणे, “नाव काय ठरवलं होतंस गं?” तिने सांगितलं.

मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.